मांगून आणलेलं पीठ

नागपूर, १८ ऑगस्ट २०२४

आत्या,

आधी जय भीम घे, मग राग काढ. मी लतिका, तुझ्या आनंदची मुलगी. माझ्या लग्नाला तू आली नाहीस, आणि दोन वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हाही आली नाहीस. अशी तिरकी सुरुवात करायची नव्हती, पण गोड लिहिलेले दोन कागद फाडून झाले. गोड लिहिलं की मलाच माझा संशय येतो. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

मी इथे कॉलेजात इंग्रजी शिकवते. यंदा एम.ए.च्या मुलांना एक जुनी इंग्रजी कादंबरी आहे. तिच्यात एक थोर लेखक मरतो आणि लोक त्याच्या आठवणींना इस्त्री करायला बसतात. कुणी चरित्र लिहायला घेतं, कुणी त्याची खोली जशीच्या तशी लावून ठेवतं. काय सांगायचं नि काय गाळायचं हे चार शहाणी माणसं चहा पिता पिता ठरवतात. ज्या बाईच्या जिवावर त्याने लिहिलं ती तिकडे दूर धडधाकट असते, पण तिला कुणी एक ओळ टाकत नाही.

परवा मी वर्गात कीर्ती आणि स्मृती यांवर चांगलीच रंगात आले होते. मागच्या बाकावर वेदिका नावाची पोरगी बसते, वर्षभर तोंड न उघडणारी. ती म्हणाली, "मॅम, आम्हाला शाळेत तुमच्या बाबांच्या आत्मकथनाचा धडा होता. त्यातली ती भीक मागणारी ताई अजून आहे?" मी म्हटलं, आहे, गोंदियाला असते. तर म्हणते, "मग तिला कुणी विचारलं का, धडा कसा वाटला?"

घंटा झाली म्हणून सुटले. रात्रभर मात्र चिडचिड होत राहिली, आधी तिच्यावर, मग माझ्यावर.

आता खरं काम सांगते, नाहीतर तू म्हणशील, आनंदची पोट्टी गोड बोलून काहीतरी काढायला आली. बाबांच्या पुस्तकाला पंचवीस वर्षं झाली. पुण्याचे प्रकाशक नवी आवृत्ती काढताहेत आणि प्रस्तावना मी लिहायची आहे. अश्विनदादाने मिहानमधल्या आपल्या कंपनीतून सुट्टी काढून सगळी धावपळ अंगावर घेतली आहे. २३ नोव्हेंबरला बाबांच्या स्मृतिदिनी सदर भागातल्या सभागृहात कार्यक्रम आहे, त्यात मुखपृष्ठ दाखवायचं. प्रकाशकांना तुझा एक फोटो हवा आहे आणि चार ओळी. ज्या ताईने भीक मागून आणलेल्या पिठावर आनंदराव शिकले ती ताई आज कशी दिसते, हे वाचकांना बघायचं आहे म्हणे.

पाठवशील?

तुझी भाची,
लतिका


नागपूर, १ सप्टेंबर

आत्या,

तुझा फोन आला तेव्हा मी स्कूटीवर होते, कडेला थांबून घेतला. तू बोललीस ती दोनच वाक्यं: "मी भीक कधी मांगली नाई. फोटो गिटो काही भेटनार नाई तुले." आणि ठेवून दिलास. शाळाही तशीच चालवली असशील, मुलं उगाच नाही थरथरायची तुझ्यापुढे.

पण मलाही बोलू दे. एवढ्या वर्षांचा अबोला या एका शब्दावरून होता? मला वाटलं होतं, घराच्या हिश्श्याचं काहीतरी असेल, नाहीतर आईचं आणि तुझं. आणि निघालं काय, तर तुला लाज वाटते. आत्या, उपाशी राहणं ही तुझी लाज नाही, ज्यांनी उपाशी ठेवलं त्यांची आहे. बाबांनी हे भाषणात शंभरदा सांगितलं. तू मागितलीस म्हणून तू लहान होत नाहीस. ते दुःख तुझ्या एकटीचं नव्हतं, सगळ्या वस्तीचं होतं. बाबांनी ते मांडलं, म्हणून आज वेदिकासारखी मुलगी ते वाचते. तू शिकलेली बाई आहेस, हेडमास्तरीण होतीस. तुला हे मी समजवावं?

वाचून पाहिलं तर हे पत्र व्याख्यानासारखं झालंय. तरी पाठवते, कारण मला राग आला आहे आणि तो लपवायचा नाही.

लतिका


नागपूर, १२ सप्टेंबर

आत्या,

मागच्या पत्रातलं व्याख्यान विसरून जा. जमलं तर.

तू परवा पुन्हा फोन केलास आणि म्हणालीस, "तुया मायले विचार, मांगनं म्हंजे काय." बस, एवढंच. मी आईला विचारलं नाही. म्हटलं, शब्दाचा अर्थ काय विचारायचा? मागणे, धातू, सकर्मक. चाळीस वर्षांची बाई मी, मराठी मला येते.

आज सकाळी मी पेपर तपासत बसले होते. आई आतून ओरडली, "लतिका, इरजन संपलं. जाय, देवकीकडून थोडं मांगून आन."

मी वाटी घेतली, चप्पल घातली, आणि दारात उभी राहिले. देवकी म्हणजे आमच्या शेजारची. तिच्याकडून आम्ही विरजण आणतो, ती आमच्याकडून सांबाराच्या चार काड्या नेते, कधी कढीपत्ता. आठवड्यातून चारदा हे चालतं. मी आजवर हजारदा तिच्या दारातून काहीतरी मांगून आणलं असेल, आणि एकदाही भीक मागितली नाही.

वाटी तशीच घेऊन मी परत आत गेले. आईला म्हटलं, बाबांच्या पुस्तकातली ती ओळ म्हण. तिला पाठ आहे, सगळ्यांनाच पाठ आहे: "ताई भीक मागून पीठ आणायची आणि त्या भाकरीवर मी अक्षरं गिरवायचो." आईने म्हटली. मग मी म्हटलं, आता बाबा घरी बोलायचे तशी म्हण. ती बराच वेळ पदराशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "ताई पीठ मांगून आनायची."

तिला माहीत होतं, आत्या. पहिल्यापासून माहीत होतं. बाबांनी लिहिलं होतं ते एवढंच, पीठ मांगून आणायची. पुण्याहून तेव्हाच्या संपादकांचा फोन आला, 'मांगून' म्हणजे काय हो, भीक मागून का? आई म्हणते, "हे हो म्हनाले. एकच शब्द, हो. फोन ठेवला अन् जेवाले बसले." काहून हो म्हणाले, मी विचारलं. तर म्हणते, "मले काय माहीत. घाबरले असतील. तिकडचे लोक मोठे, यांचं पहिलं पुस्तक." पुढे ते वाक्य ऐकून सभेत लोक रडायला लागले, आणि मग बाबांना ते परत घेता आलं नाही. तू घरी येऊन भांडलीस, तेव्हा ते म्हणाले म्हणे, ताई, आता थे वाक्य माझं राह्यलं नाई. खरं आहे का हे?

देवकीकडे गेले शेवटी. ती म्हणाली, काय झालं, तोंड काहून उतरलं? मी वाटी पुढे केली.

मला तुझी माफी मागायची आहे, पण फोनवर नको. सगळं सांग. मी लिहून घेणार नाही, फक्त ऐकेन.

लतिका


नागपूर, ३ ऑक्टोबर

आत्या,

त्या दिवशी फोनवर तू इतका वेळ बोललीस, आणि मी हूं हूं करण्यापलीकडे काही बोलले नाही.

तुमच्या आईने, म्हणजे माझ्या आजीने, दिलेली वाटी घेऊन तू शेजारच्या काकूंकडे जायचीस आणि पगार झाला की तीच वाटी शिगोशीग भरून परत द्यायचीस, हे ठीक आहे, हे मी समजू शकते. ती काकूही महिनाअखेरीला तुमच्याकडे वाटी घेऊन यायची, हेही समजलं. पण शाळेतलं तू सांगितलंस ते डोक्यातून जात नाही. धडा पुस्तकात लागला त्या वर्षी तुझ्या ऑफिसच्या दारात कुणीतरी वाटीभर पीठ ठेवून गेलं. तू शिपायाला हाक मारली नाहीस, चौकशी लावली नाहीस. "घरी नेलं अन् पोळ्या केल्या. अन्न कायले टाकाचं?" असं तू म्हणालीस आणि हसलीस. मला हसू आलं नाही गं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

मी प्रकाशकांना लिहिलं. आता तिथे ऋषी म्हणून तरुण संपादक आहे, मुलगा वाईट नाही. मी म्हटलं, 'भीक' हा शब्द काढा आणि 'मांगून' ठेवा, मी प्रस्तावनेत सगळं सांगते. दोन दिवस उत्तर नाही. मग फोन आला. मॅडम, ते वाक्य मुखपृष्ठावर आहे. भाषणांत आहे, प्रबंधांत आहे. आज तुम्ही म्हणालात की हे चुकलं, तर उद्या लोक म्हणतील, आणखी काय काय चुकलंय? ही आत्मकथनं फुगवून लिहिलेली असतात म्हणणारे कमी नाहीत, त्यांच्या हातात तुम्हीच काठी देताय.

तो खोटं बोलत नव्हता. पुस्तकात बाकी जे आहे, विहीर, मास्तरांचं फेकून पाणी देणं, आजोबांचं गिरणीतलं मरण, ते सगळं खरं आहे ना? तूच सांगितलंस, "बाकी अक्षर न् अक्षर खरं हाय." पण एका शब्दासाठी ते सगळंच कुणी खोटं म्हटलं तर?

अश्विनदादा तर पेटलाच. बाबांना मरून दोन वर्षं झाली नाहीत आणि तू त्यांना खोटं पाडायला निघालीस, म्हणाला. आई मधे बसून भाजी निवडत होती. ती म्हणाली, "खोटं नाई पाडत थे. पन लोक तेच समजनार." ती कुणाच्या बाजूची आहे, ते मला अजून कळलेलं नाही.

शेवटी ऋषीने एक तोड काढली आहे, ती तुझ्यापुढे ठेवते. 'भीक' शब्द गुपचूप काढायचा. मुखपृष्ठावर दुसरं वाक्य घ्यायचं. प्रस्तावनेत एक अक्षर नाही, टीप नाही. पुढची पोरं वाचतील तेव्हा त्यात भीक नसेल, बाबांच्या नावालाही धक्का नाही. आत्या, मला हे बरं वाटतंय. भांडण नाही, तमाशा नाही. तुझं काय म्हणणं?

हो म्हण ना.

लतिका


नागपूर, ९ ऑक्टोबर

आत्या,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टकार्ड अजून मिळतात हे मला माहीत नव्हतं. आणि त्यावर एवढंच: "गुपचूप काहून? मी चोरी केली होती काय?"

मी ते कार्ड आईला दाखवलं. तिने वाचलं, उलटं करून पत्ता वाचला, परत वाचलं. मग म्हणाली, "अक्षर तसंच हाय बाईचं." आणि कार्ड माझ्या हातात देत: "बरोबर हाय तिचं. शिवी चारचौघांत दिली, अन् माफी कानात काहून?" एवढं बोलून ती उठून गेली. आयुष्यभर नवऱ्यापुढे जे बोलली नाही ते ती माझ्यापुढे बोलली, आणि मला तिची दयाही आली, रागही आला.

वर्गात आता आम्ही त्या कादंबरीच्या शेवटाशी आलो आहोत. मुलं विचारतात, मॅम, यातला वाईट माणूस कोण? मी सांगते, वाईट कुणीच नाही, सगळ्यांचं त्या लेखकावर प्रेमच आहे. हे सांगताना मला ऋषी दिसतो, अश्विनदादा दिसतो, आणि आरशात पाहिल्यावर दिसते ती मीही.

२३ नोव्हेंबरला मी बोलणार आहे. मोठ्याने, माईकवर. ते पान वाचेन आणि बाबांनी लिहिलं होतं तसं वाचेन. मग ते वाक्य कसं बदललं ते सांगेन. ऋषीला कळवलंय. तो म्हणाला, कार्यक्रमात काय होतं ते बघू, मग पानाचं ठरवू. पुस्तक डिसेंबरात छापायला जाईल. अश्विनदादा माझ्याशी बोलत नाही.

मला भीती वाटते, आत्या. तू ये. पहिल्या रांगेत बसू नकोस हवं तर, मागे बस. पण ये.

लतिका


नागपूर, २५ नोव्हेंबर

आत्या,

तू आली नाहीस. दार वाजलं की मी दरवेळी बघत होते. सभागृह भरलेलं होतं, बाबांचे जुने मित्र काठ्या टेकत आले होते, वेदिका आणि तिच्या वर्गातली पोरं जमिनीवर बसली होती. अश्विनदादाने प्रत्येकाला पाणी दिलं, मला सोडून.

मी उभी राहिले. आवाज चांगला लागला. पान वाचलं, ते वाक्य वाचलं, आणि म्हणाले की माझ्या आत्याने कधी भीक मागितली नाही. शेजाऱ्याने शेजाऱ्याकडून पीठ नेलं आणि भरून परत दिलं, याला आपल्याकडे जे म्हणतात तेच माझ्या वडिलांनी लिहिलं होतं. पुण्याचा फोन, बाबांचं 'हो', त्यांची घाबरगुंडी, सगळं सांगितलं. मी म्हणाले की माझे वडील खोटं बोलले नाहीत, पण एका फोनवर ते गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्याचं ओझं एका बाईने पंचवीस वर्षं वाहिलं. एक गृहस्थ उठून गेले. आई शेवटपर्यंत बसून होती आणि रडत होती. मला वाटलं, झालं. मोठ्याने सांगून झालं.

काल सकाळी पेपरात बातमी आली. मी आनंदाने उघडली. "बहिणीने मागून आणलेल्या पिठाने घडवला लेखक: आनंदराव यांच्या आठवणींनी कन्या सद्गदित." खाली माझा फोटो, डोळे पुसताना. आणि मजकुरात, 'लहानपणी बहिणीने दारोदार फिरून...' पुढचं मी वाचलं नाही.

मी त्या वार्ताहराला फोन केला, चिडूनच. मी काय सांगितलं आणि तुम्ही काय लिहिलंत? तो बिचारा म्हणाला, मॅडम, रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे, तुम्हीच तसं म्हणालात. त्याने पाठवलं. मी कानाला लावलं.

काल रात्री तुझा फोन आला तेव्हा तू कार्यक्रम कसा झाला हे विचारलं नाहीस. लोक किती होते, कोण काय म्हणालं, काही नाही. तू एकच विचारलंस: "वाक्य बरोबर वाचलं ना वं? काय म्हटलंस, सांग." आणि मी तुला म्हटलं, हो, बरोबर वाचलं. आवाज नीट येत नाही म्हणून फोन ठेवला. आवाज नीट येत होता.

मी 'मागून' म्हटलं, आत्या.

रेकॉर्डिंगमध्ये स्वच्छ ऐकू येतं. "ताई पीठ मागून आणायची." माईकपुढे उभी राहिले, समोर मोठी माणसं बघितली, आणि जिभेने आपोआप कॉलेजची मराठी घेतली. घरी आई म्हणते तो शब्द, देवकी म्हणते तो शब्द, तुझा शब्द, माझ्या तोंडून बाहेर पडलाच नाही. आणि ज्यांना ते वाक्य पंचवीस वर्षं पाठ आहे त्यांना 'मागून' ऐकल्यावर पुढचं-मागचं सगळं आपोआप ऐकू आलं. बाकी मी काय बोलले ते कुणाच्या कानात शिरलंच नाही. बाबांनी फोनवर जे केलं तेच मी माईकवर केलं. त्यांना एवढे दिवस मनातल्या मनात घाबरट म्हणत होते मी.

तुझ्याशी खोटं बोलले म्हणून काल झोप लागली नाही. म्हणून आज हे लिहिलं.

ऋषीने त्या पानाचं प्रूफ पाठवलं आहे. त्याला म्हटलं, आठ दिवस थांब. तो थांबतो म्हणाला. शब्द मी माझ्या हाताने दुरुस्त करणार नाही, माझ्या हातावर माझा भरवसा राहिला नाही. शनिवारी सकाळच्या गाडीने ते पान घेऊन गोंदियाला येते. तू आयुष्यभर पोरांच्या चुका लाल पेनाने सुधारल्यास, ही पण सुधार. 'भीक' खोड आणि त्या 'मा'वर टिंब दे. खाली तुझी सही कर, पूर्ण नावाने, कौशल्याबाई म्हणून. ते पान मी जसंच्या तसं पुस्तकात छापायला लावीन, लाल शाईसकट. ते छापणार नसतील तर ही आवृत्ती निघणार नाही. आईने आणि मी तसं लिहून दिलं आहे. अश्विनदादाने अजून सही केलेली नाही, पण कागद फाडलाही नाही.

आणि पेन हातात घेण्याआधी मला समोर बसव आणि तो शब्द माझ्याकडून म्हणून घे. नीट येईपर्यंत सोडू नकोस.

लतिका